हो, टाटीसचा शर्ट मी अजून घालतो

"अजून टाटीसचा तेवीस नंबरचा शर्ट घालतोस? लाज नाही वाटत?" हा प्रश्न मला सॅन डिएगोच्या बाहेरचेच लोक विचारतात. लॉस एंजेलिसवाले तर हमखास. एकदाच सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

बेसबॉल न बघणाऱ्या मंडळींसाठी थोडक्यात: फर्नांडो टाटीस ज्युनिअर हा आमच्या सॅन डिएगोच्या पाद्रेज संघाचा हिरो. २०२१ मध्ये क्लबने त्याच्याशी १४ वर्षांचा, ३४ कोटी डॉलरचा करार केला. पुढच्या वर्षी मनगटाच्या दुखापतीतून तो आता परतणार, आता परतणार म्हणून सगळं गाव वाट बघत होतं, आणि १२ ऑगस्टला बातमी आली. चाचणीत क्लोस्टेबोल हे स्टेरॉइड सापडलं होतं. ८० सामन्यांची बंदी, तीही बिनपगारी. साहेबांचं म्हणणं, गजकर्णावरच्या औषधातून ते अंगात गेलं. (गजकर्णाचं मलम कुणाच्या घरात नसतं? पण ३४ कोटीवाल्या माणसाला ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला एखादा माणूस पगारावर ठेवता येतो.) सप्टेंबरात मैदानावर त्याची बॉबलहेड, म्हणजे डोकं डुगडुगणारी बाहुली, वाटायची होती. क्लबने ती रद्द केली आणि त्याऐवजी संघातल्याच हुआन सोटोचे शर्ट जाहीर केले.

तेव्हा आम्ही चिडलो नव्हतो असं कुणी समजू नये. भयंकर चिडलो होतो. त्यात ऑक्टोबरमध्ये त्याच्याशिवायच आमच्या पोरांनी १११ सामने जिंकून आलेल्या लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, घरी पाठवलं. म्हणजे तो नसला तरी चालतं, हेही सिद्ध झालं. तरीही मे २०२३ मध्ये तो पेटको पार्कवर, म्हणजे आमच्या घरच्या मैदानावर, पुन्हा उतरला तेव्हा लोक उभे राहिले. त्या हंगामात घरच्या मैदानावर ३२ लाखांहून जास्त तिकिटं गेली, क्लबच्या इतिहासातला तोवरचा उच्चांक. आणि संघ मात्र प्लेऑफपर्यंतही पोचला नाही!

आता गंमत बघा. याच पेटको पार्कवर एप्रिल २००६ मध्ये स्टेरॉइडचा संशय असलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बॅरी बाँड्सच्या दिशेने प्रेक्षकांतून सिरिंज फेकली गेली होती. सुई नसलेली, पण सिरिंजच. तोच बाँड्स स्वतःच्या गावात देव होता. पुढच्या वर्षी त्याने हँक आरनचा ७५५ होमरनचा (आपल्या षटकारासारखे फटके) विक्रम मोडला तेव्हा घरचं स्टेडियम दणाणलं, आणि बाहेरगावी लोक तारांकनाचे, म्हणजे 'या विक्रमात काळंबेरं आहे' अशा खुणेचे, फलक घेऊन बसायचे. आणि डॉजर्सवाल्यांनी तर बोलूच नये. २००९ मध्ये त्यांच्या मॅनी रामिरेझला ५० सामन्यांची बंदी झाली. जुलैत तो परत आला आणि त्याच महिन्यात, त्याच्याच बाहुल्या वाटल्या त्या रात्री, त्याने ग्रँड स्लॅम, म्हणजे एका फटक्यात चार धावा देणारा होमरन, मारला. तेव्हा तिथे कोण कोण नाचत होतं, हे लोकांच्या लक्षात आहे.

म्हणजे सगळे चाहते ढोंगी? मला नाही तसं वाटत. डोपिंगचा राग खरा असतो, पण तो शर्टाचा रंग बघून येतो, कारण चाहता मुळात न्याय करायला स्टेडियमवर गेलेलाच नसतो. न्यायाला नियम आहेत: पहिल्यांदा ८० सामने, दुसऱ्यांदा १६२, तिसऱ्यांदा कायमचं घरी. टाटीसने अपील मागे घेऊन शिक्षा भोगली. त्यावर मी आणखी काय वाढवू? शर्ट जाळू?

शिवाय शर्टावर पुढे गावाचं किंवा संघाचं नाव असतं, खेळाडूचं मागे. २०१७ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा चार्जर्स संघ गाशा गुंडाळून लॉस एंजेलिसला गेला. या गावाकडे आता मोठ्या लीगचा म्हणावा असा हा एकच जुना संघ उरला आहे, आणि १९६९ पासून त्याने एकदाही वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अंतिम विजेतेपद, जिंकलेली नाही. जिंकण्यासाठी प्रेम करायचं असतं तर इथल्या माणसाने केव्हाच दुसरा संघ धरला असता.

माझा राग आहे तो संघमालकांवर. बेसबॉलमधल्या स्टेरॉइड वापरावरचा मिचेल अहवाल डिसेंबर २००७ मध्ये आला, त्यात ८९ खेळाडूंची नावं होती. आणि तोच हंगाम प्रेक्षकसंख्येच्या विक्रमाचा ठरला होता, सुमारे ७ कोटी ९५ लाख! होमरनचा पाऊस पडत होता तोवर कुणालाच छत्री शोधायची नव्हती. शिवाय देशभर विकल्या जाणाऱ्या अधिकृत मालातला लीगचा वाटा तीसही क्लबांत सारखा वाटला जातो. मी टाटीसचा शर्ट घेतला की त्यातले चार पैसे डॉजर्सकडेही जातात. हा एक मुद्दा मात्र मला खरंच सलतो.

"मुलांना काय सांगणार?" असंही एकाने विचारलं. जे झालं ते. त्याने चूक केली, पकडला गेला, पगार गेला, परतल्यावर मैदानातली शॉर्टस्टॉपची जागाही गेली. मग राइट फील्डला, म्हणजे उजव्या बाजूच्या सीमेकडे, जाऊन त्याच वर्षी त्याने प्लॅटिनम ग्लोव्ह हा क्षेत्ररक्षणाचा मोठा पुरस्कार मिळवला. लेकीने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाबा, मला (त्याच संघातल्या) मचाडोचा शर्ट हवाय. त्या शर्टाच्या किमतीवर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.