डच वारसा बघायचाय? मग बाथरूमपासून सुरुवात करा

मागच्या महिन्यात सहकुटुंब कोचीला जाऊन आलो. फोर्ट कोचीतल्या एका ‘हेरिटेज’ हॉटेलात दोन रात्री काढल्या. जेवढे मोजले तेवढ्यात घराला आतून रंग काढून झाला असता, पण वारसा म्हटला की हात सैल सोडावाच लागतो. तुम्हीही सुट्टीत तिकडे निघणार असाल तर अनुभवाच्या चार गोष्टी ऐकून ठेवा. फुकट आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे जाण्याआधी काहीही वाचू नका. वाचून आलेला माणूस सहलीला घातक असतो. मेहुणीने मला दुसऱ्या दिवशी गाडीत सगळ्यात मागे बॅगांजवळ बसवलं, ते उगाच नाही.

मट्टनचेरीचा महाल चुकवू नका. रिक्षावाला, गाइड, गूगल, सगळे त्याला ‘डच पॅलेस’ म्हणतात, तुम्हीही म्हणा. तो १५५५ च्या सुमाराला पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला नजर केला. देऊळ लुटल्याची ती भरपाई होती म्हणतात. मधे चौक, चौकात भगवतीचं देऊळ, भिंतींवर तिथल्याच चित्रकारांनी रंगवलेलं आख्खं रामायण. डच आले १६६३ मध्ये. त्यांनी काय केलं? डागडुजी. झालं, महाल डचांचा! मी गाइडला हळूच म्हटलं, “अहो, पण बांधला पोर्तुगीजांनी ना?” तो म्हणाला, “सर, नावच डच पॅलेस आहे ना?” यावर काय बोलणार. आमच्या सोसायटीची टाकी गळत होती, ती एका प्लंबरने दोन दिवसांत नीट करून दिली. बिल्डिंगला अजून त्याचं नाव दिलेलं नाही याची मला त्या क्षणी फार लाज वाटली.

(डच स्वतः या बाबतीत बरे होते. सेंट फ्रान्सिस चर्चच्या दर्शनी भिंतीवर त्यांनी १७७९ साली सरळ ‘नूतनीकरण केले’ एवढंच लॅटिनमध्ये कोरून ठेवलंय. आपण बांधल्याचा आव नाही.)

निळं-पांढरं काहीही दिसलं की “डच!” असं ओरडा. मट्टनचेरीतल्या ‘परदेशी सिनेगॉग’ या ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातल्या फरशा बघून आमच्या गटातल्या एका बाईंनी ‘डेल्फ्ट, डेल्फ्ट’ (निळ्या-पांढऱ्या भांड्यांसाठी प्रसिद्ध डच गाव) करत अर्धा तास फोटो काढले. त्या फरशा चीनच्या. अठराव्या शतकात एझिकिएल राहबी या ज्यू व्यापाऱ्याने मागवलेल्या. आणि डेल्फ्टची ती निळी नक्षीसुद्धा मुळात चिनी भांड्यांची नक्कल. पण हे सांगायचं नाही. फोटो पोस्ट होऊन गेलेले असतात.

आपल्या वेंगुर्ल्याच्या डच वखारीकडे मात्र फिरकू नका, तिथे कॅफे नाही.

हॉटेलात शिरल्याशिरल्या सरबत मिळेल. वर जायफळाची पूड, सोबत सोनेरी अक्षरांचं कार्ड: ‘मसाल्यांच्या सुवर्णयुगात आपले स्वागत’. घोट घ्या आणि मान डोलवा. हे जायफळ तेव्हा कुठून यायचं, असली चौकशी करू नका. जगातलं सगळं जायफळ त्या काळी इंडोनेशियातल्या बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवर पिकायचं. तिथली माणसं ते इंग्रजांनाही विकत, म्हणजे आपला माल आपल्याला हवा त्याला विकण्याचा गुन्हा करत होती. १६२१ साली डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझून कून जहाजं घेऊन उतरला. गावोगावचे ४४ पुढारी बांबूच्या कुंपणात नेले आणि भाडोत्री जपानी तलवारबाजांकडून कापून काढले. पंधरा हजारांच्या आसपास वस्ती होती, मागे जेमतेम हजारभर उरली. मग बागांचे तुकडे पाडून कंपनीच्या माणसांना वाटले आणि राबायला गुलाम आणले. दुसरीकडे कुणी बी रुजवू नये म्हणून जायफळं चुन्यात बुडवून बाहेर पाठवायची. असं ते सुवर्णयुग. मेहुणीच्या मुलाने विचारलं, “काका, तुम्हाला नकोय का?” मी ग्लास त्याच्याकडे सरकवला.

गव्हर्नरच्या खुर्चीत बसून फोटो काढायला वेगळे पैसे पडतात. द्या.

आता मुख्य ठिकाण, म्हणजे बाथरूम.

आमच्या खोलीच्या बाथरूममध्ये, कमोडच्या बरोबर वर, सोनेरी चौकटीत एका झाडाचं चित्र टांगलं होतं. पानं, फुलं, मधोमध चिरलेलं फळ. खाली पितळी पट्टी: ‘डच वनस्पतिचित्र, सतरावं शतक’. दात घासता घासता जवळ जाऊन बघितलं. ते ‘होर्तुस मलाबारिकुस’मधलं पान होतं. बारा खंडांचा ग्रंथ, १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमला छापलेला, त्यात मलबारच्या सातशेहून जास्त वनस्पती. मूळ छापात बहुतेक चित्रांवर झाडाचं नाव चार लिप्यांत असतं: रोमन, मल्याळी, अरबी आणि आपली नागरी. चौकट करणाऱ्याने आतला पांढरा पुठ्ठा असा कापला होता की रोमन तेवढं दिसावं. बाकीचं सगळं पुठ्ठ्याखाली. एका कडेला फक्त शिरोरेघेचं टोक बाहेर आलं होतं, नखाएवढं. मी तिथे उभा, तोंडाला फेस. सगळाच टूथपेस्टचा नव्हता.

ही नागरी अक्षरं तिथे कशी आली, माहीत आहे? कोचीचा डच कमांडर हेन्ड्रिक व्हान रीड याला झाडं ओळखता येत नव्हती. कशी येणार? तो शिपाईगडी. झाडं ओळखली इट्टी अच्युतन या एळवा समाजातल्या वैद्याने, ज्याच्या घराण्यात ही विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. आणि रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट या तिघा कोकणी ब्राह्मणांनी. पोर्तुगीजांच्या जाचापायी गोवा सोडून कोचीला आसरा घेतलेला हा समाज. हे तिघे आपला निघंटू, म्हणजे औषधी वनस्पतींचा कोश, घेऊन बसले. कुठल्या झाडाला काय म्हणतात, कुठली साल कुठल्या दुखण्यावर चालते, सगळं सांगितलं. १६७५ साली तिघांनी नागरीत, कोकणीत, सहीनिशी लिहून दिलं की हे आम्ही सांगितलंय. अच्युतननी स्वतःच्या लिपीत लिहून दिलं. आणि व्हान रीडने ती पत्रं जशीच्या तशी पहिल्या खंडात छापली! मराठी पुस्तक देवनागरीत छापलं जायला तेव्हा अजून सव्वाशे वर्षं होती, आणि तिकडे अॅमस्टरडॅमच्या कागदावर आपली अक्षरं उमटली होती. म्हणजे मुलूख बळकावून बसलेल्या कंपनीच्या कमांडरला जेवढी चाड होती तेवढी आज आपल्या चौकटवाल्याला नाही. हॉटेलवाल्याला नाही. त्याच्याखाली बसून मोबाईल बघणाऱ्यांना तर नाहीच नाही. व्हान रीडला सुरतेत दोन मजली घुमटाची कबर मिळाली. रंगा भटांना पुठ्ठा.

मी तसाच टॉवेल खांद्यावर टाकून मॅनेजरकडे गेलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, वर येऊन चित्र बघितलं. “सर, प्रिंट ब्लर आहे का?” म्हटलं, नाही हो, नावं झाकली आहेत. “पण सर, गेस्टना ती वाचता येत नाहीत.” मग त्याने हसून मला संध्याकाळच्या चहा-भजीचं कूपन दिलं. बायको म्हणाली, घे आता, चार माणसांचं आहे. मी घेतलं. भजी बरी होती.

बस झालं. मला नाही जमत हे गोड बोलणं.

अहो, शिकलेसवरलेले आहात ना तुम्ही? पोरं इंग्रजी शाळेत, तुम्ही वर्षातून दोनदा विमानात, आणि पाटीवर जे लिहिलंय ते मुकाट्याने गिळता? त्याच कोचीच्या बंदरातून मिरीच्या पोत्यांबरोबर माणसंही जहाजांवर चढवली जात. आफ्रिकेच्या टोकाला केपला किंवा बटावियाला, म्हणजे आजच्या जकार्त्याला, उतरली की मालक म्हणेल ते नाव आणि पुढे ‘व्हान मलबार’, ‘व्हान बेंगालेन’, म्हणजे मलबारचा, बंगालचा. आईबापांनी बारशाला ठेवलेलं नाव गेलं समुद्रात. महालाला डागडुजीवाल्याचं नाव, पुस्तकाला कमांडरचं, आणि माणसाला ज्या मुलखातून उचलून नेलं त्या मुलखाचं. यातलं एक तरी तुमच्या त्या गाइडने सांगितलं? तुम्ही विचारलंत? नाही. तुम्ही विचारलंत की लिफ्ट आहे का आणि नाश्त्याला पोहे मिळतील का.

आणि ‘त्या काळी तसंच असायचं’ हे पालुपद माझ्यापुढे लावू नका. खुद्द अॅमस्टरडॅमच्या शहर-संग्रहालयाने २०१९ मध्ये त्या शतकाला ‘सुवर्णयुग’ म्हणणं सोडून दिलं. १ जुलै २०२३ ला त्यांच्या राजाने लोकांसमोर उभं राहून गुलामगिरीबद्दल क्षमा मागितली. १७६५ मध्ये कँडीहून लुटून नेलेली तोफ त्याच वर्षी श्रीलंकेला परत दिली. ज्यांचे पूर्वज लुटायला आले त्यांना लाज वाटायला लागली, आणि ज्यांचे लुटले गेले ते खुर्चीत बसायला पैसे देतायत! वर टोपी घालून! मेहुणीच्या मुलाला मी तो पुठ्ठा दाखवला तर त्याने नखाने कोपरा उचलून बघितला आणि म्हणाला, “काका, हे ‘क’ आहे.” सातवीतला आहे तो. तुम्हाला चाळीस-पन्नास वर्षांत कधी कोपरा उचलून बघावासा वाटला नाही?

तसलंच एक चित्र ऑनलाइन मागवून तुमच्यापैकी कित्येकांनी हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावलंय, मला माहीत आहे, मी गृहप्रवेशांना जेवून आलोय. आज संध्याकाळी ते खाली उतरवा. उलटं करा, मागचे खिळे काढा आणि तो पुठ्ठा बाहेर ओढून फेकून द्या. दहा मिनिटांचं काम आहे. घरात पक्कड नसेल तर शेजारून मागून आणा.