बग्गीच्या इंजिनावरचे पत्रे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: फोक्सवॅगन बीटल गाडीचं, पंख्याच्या हवेने थंड होणारं इंजिन बंद कप्प्यात कोंडलेलं असतं, म्हणून त्याला हवा वळवणारे पत्रे लागतात. बग्गीत, म्हणजे बीटलवरून बनवलेल्या, वाळूत चालवायच्या गाडीत, तेच इंजिन मागे उघड्यावर असतं, वारा थेट लागतो, मग पत्रे आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत हवा अडवणारा भाग) म्हणजे निव्वळ ओझं. ‘ठेवा’ हा माझा सल्ला तुम्हाला पोथीनिष्ठ वाटला.

इंजिन उघड्यावर असतं हे बरोबर. पण ते सीटच्या आणि बॉडीच्या आडोशालाही असतं. तिथली हवा नुसती घुसळत राहते, सिलिंडरच्या दाट फिनांमधून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ कडांमधून) आरपार जात नाही. शिवाय बग्गी सर्वांत जास्त तापते ती वाळूत, दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन जोरात आणि गाडी हळू असताना. तेव्हा वारा असतोच कुठे? पंखा मात्र गाडीच्या नव्हे, इंजिनाच्या वेगाने फिरतो. त्याने दाबलेली हवा पत्र्यांमुळेच फिनांवरून जाते. पत्रे काढले की ती सोपी वाट धरून बाहेर पडते.

सगळ्यांत घातक चूक म्हणजे सिलिंडरांच्या खालचे दोन छोटे डिफ्लेक्टर न बसवणं. वरून आलेली हवा सिलिंडरच्या पोटाखाली वळवणं हे त्यांचं काम. ते पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या बसवण्याआधीच लावावे लागतात. जोडणीनंतर आठवले तर बहुधा हेड (सिलिंडरवरचं झाकण) पुन्हा उतरवावं लागतं, म्हणून लोक ‘राहू दे’ म्हणतात. कृपया राहू देऊ नका.

दुसरी गळती हीटरची. बग्गीत हीटर बॉक्स काढून साधे जे-पाइप (एक्झॉस्टचे वाकडे पाइप) लावतात, पण पंख्याच्या आवरणावरची हीटरच्या होजची दोन तोंडं उघडी राहतात आणि सिलिंडरांची हवा तिथून निसटते. ती झाकणांनी पक्की बंद करा. प्लगच्या वायरींवरची चारही रबरी सीलं भोकांत घट्ट बसलेली हवीत. नवीन हेड असेल तर फिनांच्या मधे, विशेषतः प्लगजवळ, ओतकामाचा पातळ पडदा राहिलेला असतो, तो कानशीने मोकळा करा.

थर्मोस्टॅटबद्दल तुमचं निम्मं पटतं. तो नसला म्हणून इंजिन जळत नाही, कारण पंख्याच्या आवरणातल्या हवेच्या झडपा स्प्रिंग उघड्याच ठेवते. पण इंजिन उशिरा गरम होतं, तेल जास्त वेळ घट्ट राहतं आणि झीज वाढते. मूळ थर्मोस्टॅटचा भाता (तापल्यावर फुगणारी घडीदार डबी) फुटला तरी तो फुगून झडपा उघडतो, म्हणजे बिघाडही सुरक्षित बाजूला होतो. असा सुटा भाग फेकून का द्यायचा?

वजन कमी करायचं तर ते बॉडीत करावं. 1964 साली ब्रूस मेयर्सनी मँक्स ही बग्गी सुरू केली ती फायबरग्लासच्या बॉडीवर. पुढे बीटलचा फ्लोअरपॅन (तळाचा सांगाडा) कापून व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 94.5 इंचांवरून 80 वर आणला गेला. त्यापुढे या पातळ पत्र्यांचं वजन ते किती!

पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबल्यावर सुमारे 15 मिमी खचला पाहिजे. सैल असेल तर डायनॅमोच्या पुलीच्या दोन अर्ध्यांमधला एक वॉशर काढून बाहेरच्या बाजूला लावा, म्हणजे तो हरवत नाही. चालताना डायनॅमोचा लाल दिवा लागला तर तिथेच थांबा. पट्टा तुटला असेल तर पंखाही थांबलेला असतो.

तरीही शंका असेल तर तिसऱ्या सिलिंडरकडे पाहा. 1971 च्या आधीच्या आवरणात ऑइल कूलर (तेल थंड करणारा भाग) त्याच्या हवेच्या वाटेतच असतो, म्हणून त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सर्वांत आधी त्रास देतो. इंजिन पूर्ण थंड असताना व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात 0.15 मिमी फट ठेवा आणि 5000 किमीला, वाळूत चालवत असाल तर त्याआधीच, पुन्हा मोजा. एकाच व्हॉल्व्हची फट दर वेळी कमी होत असेल तर तो ताणला जातोय किंवा तो ज्यावर टेकतो ती सीट खचतेय. फट पुन्हा पुन्हा जुळवत बसू नका. व्हॉल्व्हचं मुंडकं तुटून पिस्टनवर पडण्याआधी हेड उतरवा.