नुसती बघा की

मी बेळगावात पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, वाणिज्य शिकवतो. 'किंमत कशी ठरते' हा धडा एकोणीस वर्षं शिकवतोय, आणि तरीही मी दिसलो की गणपत गल्लीतली भाजीवाली कोथिंबिरीच्या जुड्या बारीक करायला घेते.

भाचीच्या आहेरासाठी साडी घ्यायला खडे बाजारात निघालो होतो. ठरलेला खर्च २,०००. बायकोला वाटेतच सावध केलं. १९७४ साली ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगाबद्दल लिहिलं, म्हटलं. चक्र फिरवायचं, ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबायचं. मग लोकांना विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० बघितलेल्यांचा अंदाज निघाला २५, ६५ वाल्यांचा ४५. चक्राचा आफ्रिकेशी काडीचा संबंध नाही, पण पहिला आकडा डोक्यात खुंटी ठोकून बसतो.

"तेव्हा पहिला आकडा ऐकायचाच नाही."

"बरं. गाडी सावलीत लावा," बायको म्हणाली.

दुकानदारानं पहिलीच साडी उलगडली ती ८,५०० ची. "घेऊ नका वो सर. नुसती बघा की. बघायला काय पैसे पडत्यात?"

खुंटी! मी बायकोला कोपरानं ढोसलं. तेवढ्यात च्या आला, सोबत द्रोणात चमचाभर कुंदा. फुकटचं खाल्लं की गिऱ्हाईक मिंधं होतं, हेही आमच्या धड्यात आहे. द्रोण मी चाटूनपुसून साफ केला.

मग तीन साड्या पुढं आल्या. १,६५०, ३,२०० आणि ३,४५०. मधली इतकी कळाहीन, की २५० रुपयांसाठी ती कोण घेईल? असली साडी विकायला नसतेच. शेजारणीला देखणी करायला असते. हे मी बायकोच्या कानात सांगेपर्यंत पोऱ्यानं ३,४५० ची तिच्या खांद्यावर टाकून तिला आरशापुढं उभं केलं होतं.

"अक्का, ही तुमच्यासाठीच विणलीया."

आहेर भाचीचा आणि खांदा बायकोचा, हे दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा भाचीसाठी १,६५० ची वेगळी घेतली. बिल ५,१००.

"८,५०० ला एक येत होती, इथं दोन आल्या," मी पैसे मोजताना खुशीत म्हणालो. "३,४०० वाचले की!"

ती खुशी वर्गातही पुरली. २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेलवाले थेलर यांचा एक किस्सा आहे. पेपरात सरासरी १०० पैकी ७२ आली म्हणून त्यांची पोरं चिडली. पुढचा पेपर त्यांनी १३७ गुणांचा काढला. सरासरी ९६, पोरं खूश. टक्के तर उलट घसरलेच होते. मीही चाचणी १३७ ची काढली. वर्ग आनंदात. फक्त शेवटच्या बाकावरचा एक जण उठला.

"सर, ८८ म्हणजे चौसष्टच टक्के झाले की."

"तुला रे कसं कळलं?"

"संध्याकाळी साड्याच्या दुकानात असतोय न्हवं सर. मॅडमच्या खांद्यावर मीच टाकली की परवा." मग जवळ येऊन, आवाज खाली करून, "ती ८,५०० ची अजून हाय सर. मी लागल्यापासून तीच हाय. मालक म्हणत्यात, कुणी खरंच मागितली तर मोठी पंचाईत हुतीया."