‘मृत्युपत्र करा आणि निवांत राहा’ म्हणे!

गेले काही दिवस एक मजकूर ग्रुपाग्रुपांवरून फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं. दोन बायका एकत्र राहिल्या तर आपल्याकडे तसंही कुणी विचारत नाही. सरकारने रेशनकार्ड दिलं, जॉइंट खातं दिलं. घराला नॉमिनी लावा, मृत्युपत्र करा. नाहीच जमलं तर वृद्धाश्रम आहेत. मग लग्नाच्या हक्काचं रडगाणं कशाला?’ मला तो चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघी आमच्यातल्याच, म्हणून जास्त लागलं. माझं वय ६१. बँकेत ३३ वर्षं काढली, आणि पुण्यात जोडीदारणीबरोबर राहून २६ झाली.

आधी नॉमिनी. ‘नॉमिनेशन करून टाका, काळजी नाही,’ हे मी स्वतः काउंटरवर बसून किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेतले पैसे तो वारसांच्या वतीने घेतो. सोसायटीचंही तसंच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-१३ प्रमाणे नॉमिनीला तात्पुरतं सभासद करतात, खरे हक्कदार पुढे येईपर्यंत.

हे हक्कदार कोण? इथे हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चं कलम १५ येतं, आणि त्या मजकुरात याबद्दल अवाक्षर नाही. अविवाहित बाई मृत्युपत्राविना गेली तर घर आईवडिलांकडे, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे भाऊ-पुतण्यांकडे. मूल नसलेली विधवा गेली तर तिने स्वतः कमावलेलं घरसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. नारायणी देवींचा खटला वाचा. लग्नानंतर तीन महिन्यांत वैधव्य, सासरच्यांनी बाहेर काढलं, माहेरी शिकून नोकरी केली. १९९६ मध्ये त्या मृत्युपत्र न करता गेल्या आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सगळी कमाई सासरच्या वारसांना दिली.

आमच्या पिढीत लग्नच न केलेल्या थोड्या. कुणाला बोहल्यावर ढकललं. कुणी नवऱ्यावरही मनापासून प्रेम केलं, आणि तो गेल्यावर एका बाईबरोबर नव्याने संसार मांडला. माझी जोडीदारीण यातली. तिचं काही बरंवाईट झालं तर तिने कमावलेल्या आणि मृत्युपत्रात न लिहिलेल्या प्रत्येक रुपयावर पहिला हक्क एका अशा दिराचा आहे, ज्याचा चेहरा मी फोटोत पाहिलाय.

‘म्हणून तर मृत्युपत्र करा म्हणतोय ना!’ बरोबर. आजच करा. त्या मजकुरातला हा एकच सल्ला मी उचलून धरते. पण मृत्युपत्राने आपल्या मालकीचं तेवढंच देता येतं. गिरगावातल्या पागडीच्या खोलीत राहणाऱ्या दोघी माझ्या ओळखीच्या आहेत, भाडेपावती एकीच्या नावावर. भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ सांगतो की भाडेकरू गेला की हक्क सोबत राहणाऱ्या ‘कुटुंबातल्या’ माणसाकडे जातो, तसं कुणी नसेल तर वारसाकडे. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या मुंबई भाडे कायद्याखाली १९९४ मध्येच सांगून टाकलंय. दुसरी बाई ‘कुटुंब’ या शब्दात बसते का, ते घरमालकाच्या वकिलाला विचारून पाहा.

मग हयातीतच नावावर करावं? महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याला किंवा मुलाला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. जोडीदारणीला द्यायचं तर खरेदीखतासारखं, बाजारभावावर. शिवाय नातेवाईक नसलेल्याकडून ५०,००० रुपयांवरची भेट मिळाली की ती तिचं उत्पन्न धरून आयकर लागतो. २०२५ मध्ये एका समलिंगी जोडप्याने या तरतुदीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलंय. आणि आधीच दोघींच्या नावावर का नाही घेतलं, असं विचाराल, तर घरकर्जाला सहकर्जदार म्हणून नवरा, आईवडील, भावंडं चालली असती. मैत्रीण चालली नाही. माझ्याच बँकेत!

‘सरकारने दिलं’ याबद्दल फार बोलत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एका घरातलं धरायचं ठरलं, ते चांगलंच झालं. पण जॉइंट खातं? ते मी कुठल्याही दोन माणसांचं आयुष्यभर उघडत आले. त्याला कधी नातं लागलंच नव्हतं! जिथे लागतं त्या लग्नाचं काय झालं, ते १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात आहे: सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला.

‘कुणी विचारत नाही’ हे मात्र खरं. दोन पोक्त बायकांना घर भाड्याने मिळतं. आम्हालाही मिळालं, मी तिला ‘मावसबहीण’ म्हटलं म्हणून. तेव्हापासून दूधवाला, वॉचमन, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांच्या लेखी आम्ही मावसबहिणी. उद्या मृत्युपत्राला कुणी आव्हान दिलं आणि ‘ही बाई मयताची कोण?’ असं विचारलं, तर साक्ष द्यायला हीच मंडळी येणार.

राहिले वृद्धाश्रम. गेल्या वर्षी आम्ही एक पाहून आलो. स्वच्छ जागा, जेवण बरं. जोडप्यांच्या खोल्या वेगळ्या इमारतीत होत्या, विवाहाचा दाखला दाखवून मिळणाऱ्या. बायकांच्या इमारतीत दोन-दोन खाटांच्या खोल्या, पण कुणी कुणाबरोबर राहायचं ते ऑफिस ठरवणार. ‘बहिणी असाल तर बघू, आधारकार्डं आणा,’ ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. दोघींची आडनावं वेगळी, गावं वेगळी. शेवटच्या पानावर ‘जबाबदार नातेवाईक’ अशी ओळ होती. माझ्या फॉर्मवर भाच्याची सही चालेल म्हणाल्या. तिच्या फॉर्मवर त्यांनीच पेन टेकवून विचारलं, ‘यांच्या सासरचं कुणी आहे का?’