आधी माल चढवा, परवान्याचं मग बघू

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत तुमचा वायफाय राउटर तयार झाला, बाजूच्या खोलीत सिग्नल पोचला, नारळही फुटला. आता परदेशात विकायच्या प्रमाणपत्रासाठी कशाला खोळंबताय? मुरगाव बंदर हाकेच्या अंतरावर आहे. कोणी विचारलंच तर दिल्लीहून घेतलेला ईटीए, म्हणजे आपल्याकडचा यंत्रमंजुरीचा कागद, पुढे करा. परदेशात तो कोणी विचारत नाही, ही क्षुल्लक बाब.

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात युरोपात सिग्नलच्या ताकदीला १०० मिलिवॉटच्या वर जाता येत नाही, अमेरिकेत एक वॉटपर्यंत मुभा आहे. चॅनेल अमेरिकेत बहुधा ११, युरोपात १३. एवढा घोळ कोण घालणार? सगळ्यात मोठा आकडा धरा आणि एकच फर्मवेअर, म्हणजे पेटीच्या आतलं सॉफ्टवेअर, सगळीकडे पाठवा. देश निवडायचं काम गिऱ्हाइकावर सोडा. अमेरिकेला नेमकं हेच चालत नाही, पण गिऱ्हाईक प्रामाणिक असतं हो!

वायफायच्या दुसऱ्या, पाच गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याची गंमत तर विचारूच नका. तिथे काही चॅनेलवर रडारही असतात, म्हणून राउटरने बोलण्याआधी मिनिटभर कान देऊन ऐकायचं. युरोपात ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्‌झमध्ये, हवामान रडारच्या वाट्याला, चक्क दहा मिनिटं. मध्येच रडार सापडलं तर दहा सेकंदांत चॅनेल सोडून निघायचं. दहा मिनिटं मौन पाळणारी पेटी गिऱ्हाईक दुकानात आणून आपटेल. तेव्हा हे ऐकणंच काढून टाका. पाऊस कुठे पडतोय ते युरोपवाल्यांनी खिडकीतून बघावं.

युरोपात विकायला लागणारी सीई खूण बहुतेक वेळा उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर लावायची असते, हे कळल्यावर तुमचा चेहरा चवथीच्या माटोळीसारखा फुलला असेल. जबाबदारी म्हणजे चाचण्यांचे अहवाल, सर्किटचे नकाशे, जोखमीचा हिशेब, आणि ही फाईल दहा वर्षं जपायची. वाळवीला सांगून ठेवा. १ ऑगस्ट २०२५ पासून तिथे सायबरसुरक्षाही तपासतात, म्हणजे प्रत्येक पेटीला ‘ॲडमिन-ॲडमिन’ हा पिढीजात पासवर्डही गेला. किती ही संस्कृतीची हानी!

अमेरिकेच्या लेबलवर मात्र एक वाक्य मनापासून छापा: हे यंत्र हानिकारक अडथळा आणणार नाही, पण आलेला कुठलाही अडथळा मुकाट्याने सोसेल. सरकारी खिडकीसमोर उभं राहिलेल्या माणसाचं वर्णन इतकं नेमकं मी कुठे वाचलं नाही.

आणि समजा, कोणाच्या तरी आग्रहाने लॅबचे पैसे भरून प्रमाणपत्र मिळवलंच, तर लगेच खरेदी विभागाला अँटेना बदलू द्या. स्वस्त मिळते, जास्त गेनची, म्हणजे सिग्नल लांब फेकणारी आहे, सोडायची कशाला? मंजूर नमुन्याचे आतले फोटो अमेरिकी दूरसंचार आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. कोणी ते शेजारी ठेवून जाब विचारलाच, तर सांगा, “बाब, अँटेना तीच, फोटो जरा लांबून काढलाय.”