अनधिकृत

काल संध्याकाळपासून माझाच लॅपटॉप मला चोर समजतोय.

इंटरनेटचे पैसे २०० एमबीपीएस वेगाचे भरायचे आणि लॅपटॉपवर यायचे तीस. त्याच्याच बाजूला ठेवलेल्या माझ्या मोबाइलवर मात्र एकशे ऐंशी! लॅपटॉप २०१२चा, आतलं वायफाय कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवालं, आणि त्याच पट्ट्यात अख्ख्या सोसायटीच्या राउटरांची झिम्माफुगडी. पाच गिगाहर्ट्झचा मोकळा पट्टा पकडणारं कार्ड टाकायचं ठरवलं. चार रात्री वाचलं. इंटेलचं एएक्स२०१ कार्ड हे एएक्स२००च्या वरचं वाटतं, पण त्याचा अर्धा मेंदू मदरबोर्डवरच्या इंटेलच्या नव्या चिपसेटमध्ये असतो. आमच्या म्हाताऱ्यात तो कुठला? शिवाय दोन्ही एम.२ खाचेची, माझी खाच जुनी, हाफ मिनी पीसीआयई. म्हणजे इंटेलचंच जुनं ७२६० कार्ड घ्यायचं. कागदावर ८६७ एमबीपीएस, मला दोनशे मिळाले तरी पुरे.

एवढं घोकून पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. काउंटरवर आधीच एक काका, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला टीव्हीचा रिमोट.

“काय पाहिजे?” दुकानदाराआधी काकांनीच विचारलं.

“वायफाय कार्ड. लॅपटॉपवर नेट स्लो आहे.”

“किती सालचा?”

“२०१२.”

काकांनी रिमोट खाली ठेवला. “माझी नात २०१२ची.”

यावर काय बोलायचं असतं?

“नवा घ्या की.”

“याचा कीबोर्ड चांगला आहे.”

“कीबोर्डातनं नेट येतं का?”

दुकानदार हसला. माझ्याकडून पैसे घेणारा माणूस माझ्यावर हसला!

“लॅपटॉप घरात फिरतो का तुमचा?”

“नाही, टेबलावरच असतो.”

“मग वायरलेस कुणासाठी? आमच्याकडे जावई वायर टाकून गेला, हॉलपासून बेडरूमपर्यंत. पायात येते, पण पळते.”

मी त्यांना पाच गिगाहर्ट्झ समजावून सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुकानदाराला म्हणाले, “माझे सेल द्या.”

नऊशे रुपये मोजून घरी आलो. चष्मा कपाळावर चढवून अँटेनाच्या दोन केसाएवढ्या वायरी टिचकन बसवल्या. चालू केला. काळा पडदा, वर एक ओळ: अनधिकृत नेटवर्क कार्ड, मशीन बंद करून काढा. लॅपटॉपच्या कंपनीने बायोसमध्येच, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी धावणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, मान्य कार्डांची यादी भरून ठेवलीय. यादीबाहेरचं दिसलं की विंडोजपर्यंत पोचूच देत नाही. चार रात्रींच्या वाचनात तेवढंच नेमकं राहिलं होतं.

लॅपटॉप माझा, वीजबिल माझं, आणि अनधिकृतही मीच. वस्तू टाकू नका, दुरुस्त करून वापरा, असं सांगणारे अशा वेळी कुठे असतात? आणि ती यादी कुठे टांगलेली असते? डब्यावर तरी छापायची!

आज परत दुकानात. पाकीट फोडलेलं कार्ड ते परत घेत नाहीत. दहा मीटर लॅनची वायर मागितली. नशीब, काका नव्हते. दुकानदारानेच वायर मोजता मोजता विचारलं, “पायात येईल, चालेल ना?”