घरी काय सांगून गेला होता?

२०२५ च्या ऑगस्टात सिंहगडाच्या तानाजी कड्यापाशी २४ वर्षांचा एक मुलगा बेपत्ता झाला. आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्या दहा मिनिटांत निकाल लागले. "घरच्यांनी लाडावून ठेवलंय." "रील काढायला गेला असणार." "मराला कशाला जातेत बे तिकडं, आपला भुईकोट काय वाईट हाय?"

शेवटच्यावर मी हसलो, खोटं कशाला बोलू. सोलापूरचा किल्ला भर गावात, सपाटीवर. आम्हाला ठाऊक असलेला मोठा चढ म्हणजे आसरा पूल.

पाचव्या दिवशी तो मुलगा जिवंत सापडला. मग ग्रुपवर दुसरा निकाल : "पाच दिवस राहील का कोण असं? नाटक असणार." म्हणजे मेला तर मूर्ख आणि जगला तर खोटारडा. तेव्हा तिथं काहीतरी लिहायला घेतलं होतं, पुसून टाकलं. आज इथं लिहितोय, कारण आज माझा मुलगा डोंगरात आहे आणि मला दुसरं काही सुचत नाही.

जुलै २००७. मी २२ वर्षांचा. घरी सांगितलं, पुण्यात इंटरव्ह्यू आहे, दोन दिवस मित्राच्या रूमवर राहतो. आईनं दशम्या आणि शेंगा चटणी बांधून दिली, अण्णांनी न मागता पाचशे रुपये दिले आणि "इस्त्री करून घाल" म्हणाले. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली, स्वारगेटवरून वेल्ह्याची एसटी, आणि संध्याकाळी आम्ही तिघं तोरण्यावर, मेंगाई देवीच्या देवळात. इस्त्रीचा शर्ट सॅकच्या तळाशी होता.

खरं का सांगितलं नाही? कारण उत्तर माहीत होतं. त्याआधी दोनदा विचारलं होतं. अण्णा कापडाच्या मागावर बारा तास उभे राहून आलेले असायचे. "डोंगरात काय ठिवलंय?" एवढंच म्हणायचे आणि विषय संपायचा. त्यावर तिसऱ्यांदा कोण विचारतंय?

दुसऱ्या दिवशी बुधला माचीकडून उतरून राजगडाच्या धारेला लागलो. ज्यांनी तोरणा-राजगड केलाय त्यांना ती वाट माहीत आहे. कोरड्या दिवसात समोर राजगड सारखा दिसत असतो, चुकायचं कसं हा प्रश्न पडावा. पण जुलैत धुकं असं येतं की पुढच्याची सॅकसुद्धा दिसत नाही. माझ्या बुटाची नाडी सुटली म्हणून मी वाकलो. "व्हा पुढं, आलोच" म्हणालो. उठलो आणि समोर दिसलेल्या पायवाटेनं निघालो. ती ढोरवाट होती. अर्ध्या तासानं ती कारवीच्या रानात शिरून संपली. परत फिरलो तर आता तिला तीन फाटे. हाका मारल्या. धुक्यात हाक कुठून आली ते कळत नाही, आपलीसुद्धा.

घसाऱ्यावरून घसरून गुडघा फुटला, मग अक्कल आली आणि एका कातळाच्या आडोशाला बसून राहिलो. ते बसणं हेच त्या दिवसातलं एकमेव शहाणपण. रात्रभर वारा आणि पाऊस. सोलापूरकराला गार वारा म्हणजे सुख, आम्ही त्यासाठी गच्चीवर झोपतो. गार वाऱ्यानं माणूस मरू शकतो हे मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. बर्फ लागत नाही त्याला. अंगावर ओले कपडे, सुटलेला वारा आणि पोटात काही नाही, एवढं पुरतं. पहाटे माझे दात वाजायचे थांबले तेव्हा बरं वाटलं. ते बरं लक्षण नव्हतं, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. शेवटी त्या इंटरव्ह्यूच्या शर्टात पाय गुंडाळले.

सकाळी गुरं घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्यानं मला पाहिलं. "चकवा लागला जनू," म्हणाला आणि फडक्यातली अर्धी भाकरी काढून दिली. तिकडं पद्मावती माचीवरच्या देवळात माझे दोन मित्र रात्रभर काय करत होते? भांडत होते. खाली उतरून पोलिसांना सांगावं, तर पोलीस घरी फोन लावणार. आणि घरी तर मी पुण्यात होतो! अण्णांना कोण सांगणार यावर रात्र गेली. एक फोन नाही, एक माणूस शोधायला नाही. भित्री पोरं नव्हती ती. माझंच खोटं सांभाळत बसली होती.

आठ दिवसांनी एकाच्या आईकडून अण्णांना कळलं. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. अण्णा बराच वेळ चप्पल घालून दारातच उभे राहिले. मग म्हणाले, "मेला असतास तर आमी तुला पुण्यात हुडकलो असतो की बे."

या वाक्यावर माझं सगळं मत उभं आहे. बेपत्ता माणसाच्या बातमीत मी पहिल्यांदा हेच शोधतो : घरी काय सांगून गेला होता?

सांगून गेलं म्हणजे वाचतोच असं नाही, हे मलाही कळतं. मे २०२२ मध्ये लोणावळ्याला नागफणीच्या बाजूला दिल्लीचा एक तरुण इंजिनिअर वाट चुकला. त्यानं घरच्यांना फोन करून तसं सांगितलंही होतं. शिवदुर्ग मित्र या बचाव संस्थेची मंडळी, एनडीआरएफ, सगळे रान पिंजत होते. चार दिवसांनी दरीत मृतदेहच मिळाला. आणि "नवशिकेच मरतात" हेही खरं नाही. जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अरुण सावंतांचा जीव गेला, ज्यांनी आख्ख्या पिढीला सह्याद्री चढायला शिकवला. पण उलटंही बघा. एप्रिल २०२३ मध्ये अन्नपूर्णेवरून उतरताना गिर्यारोहक अनुराग मालू बर्फाच्या भेगेत पडला. ८०९१ मीटरचा पर्वत, भल्याभल्यांना खाल्लेला. तो कुठल्या टप्प्यात पडला हे माहीत होतं, म्हणून त्याच टप्प्यात माणसं दोरावरून खाली सोडता आली. तीन दिवसांनी जिवंत बाहेर काढला. डोंगर मोठा असला तरी शोधायची जागा लहान करता येते, आणि ती लहान करणारा माणूस बहुतेक वेळा घरीच बसलेला असतो.

म्हणून त्या कमेंटींचा राग येतो. "कशाला मराला जातेत" हे वाचून कोणीही पोरगं ट्रेक रद्द करत नाही. ते फक्त शिकतं, की घरी सांगायचं नाही. आपण डोंगर बंद करत नाही, तोंड बंद करतो.

सरकारचंही तेच. एक अपघात झाला की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, अमुक धबधबा बंद, तमुक गड बंद. पूर्वी १४४ कलम होतं, आता नव्या कायद्यात १६३. धबधब्याखालच्या दारुड्या गर्दीला ते हवंच, मी विरोधात नाही. पण ज्याला गडावर जायचंच आहे तो मागच्या वाटेनं जातो, गावात नोंद करत नाही, वाटाड्या घेत नाही, आणि चुकला तर ११२ ला फोन लावायच्या आधी केस होईल का याचा विचार करतो. कलेक्टर म्हणजे मोठे अण्णाच झाले ते. आणि मग अंधारात दोर घेऊन कोण उतरतं? नोकरीधंदा सांभाळून फुकट येणारी ही शिवदुर्गसारखी पोरं. ग्रुपवर "बिल लावा त्याला" म्हणणाऱ्यांपैकी एकानंही त्यांना कधी शंभर रुपये दिलेत का, विचारून बघा.

आईबद्दल सांगायचं राहिलं. ती तेव्हा घरी टॉवेलच्या कडा शिवायची, कारखान्यातून गठ्ठे यायचे. ती मला काहीच बोलली नाही. पण पुढच्या महिन्यात सॅक काढली तर आत पांढऱ्या कापडाची पट्टी शिवलेली, माझं नाव आणि शेजारच्या दुकानाचा फोन नंबर, टॉवेलच्याच दोऱ्यानं. परवानगी म्हणतात ती मला अशी मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरात बातमी वाचली, एव्हरेस्टखालच्या रोंगबुक हिमनदीत सॅंडी आयर्विन या ब्रिटिश गिर्यारोहकाचा बूट सापडला. ८ जून १९२४ ला जोडीदार मॅलरीबरोबर वर जाताना शेवटचा दिसलेला, वय २२. शंभर वर्षांनी ओळख पटली ती मोज्यामुळं. मोज्यावर नावाची पट्टी शिवलेली होती. बातमी वाचून मी उठलो आणि माळ्यावरची ती सॅक खाली काढली.

तीच सॅक आज मुलगा घेऊन गेलाय. पट्टीवर आता माझा मोबाईल नंबर आहे, शिलाई माझी, वाकडी. फ्रिजवर त्याच्या अक्षरात चिठ्ठी : कुठल्या गावातून चढणार, कुठल्या वाटेनं उतरणार, बरोबर कोण, वाटाड्याचा नंबर, खाली येऊन फोन सहा वाजता. "हो" म्हणताना माझ्या पोटात गोळा आला होता. अण्णांच्याही आला असणार, फक्त त्यांच्या तोंडून तो "डोंगरात काय ठिवलंय" असा बाहेर पडायचा.

हे लिहायला बसलो तेव्हा पावणेसहा झाले होते. सहाला फोन आला नाही. सव्वासहाला बायकोनं दोनदा बघितलं माझ्याकडं. सहा वीसला मी चिठ्ठी फ्रिजवरून काढून हातात घेतली.

सहा पस्तीसला आला. खाली उतरून भजी खात बसले होते म्हणे.